निमस्वायत्त सरकारी संस्था आणि कारभारातली सुधारणा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विजेचं बिल, एमआयडीसीतला प्लॉट, म्हाडाची सोडत, धरणाचं आवर्तन, द्रुतगती महामार्गावरचा टोल. यातलं एकही काम आज मंत्रालयातलं खातं थेट करत नाही. मधे एखादं महामंडळ असतं, प्राधिकरण असतं, नाहीतर आयोग असतो. वीजग्राहकांच्या कामासाठी गावोगाव फिरताना लोक या संस्थांबद्दल जे विचारतात, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं महाराष्ट्रातली आहेत. विजेचं क्षेत्र मला जवळून माहीत असल्याने त्यावर जास्त लिहिलं आहे.

निमस्वायत्त संस्था म्हणजे नेमकं काय?

सरकारनेच जन्माला घातलेली, पण रोजच्या कारभारासाठी वेगळी चूल मांडून दिलेली संस्था. मालकी सरकारची आणि मोठं धोरण सरकारचं. हिशेबाची वही, कामाचा आराखडा आणि निर्णयाखालची सही मात्र संस्थेची.

खातं आणि संस्था यांच्यातला फरक पैशात लगेच दिसतो. सार्वजनिक बांधकाम खात्याला पैसा अर्थसंकल्पातून मिळतो, आणि ३१ मार्चपर्यंत खर्ची पडला नाही तर तो परत जातो. मार्च अखेरीची धावपळ कोणत्याही सरकारी कचेरीत पाहायला मिळते. एमएसआरडीसी, म्हणजे राज्य रस्ते विकास महामंडळ, ही १९९६ साली काढलेली कंपनी. तिने रोखे काढून बाजारातून पैसा उभा केला, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग बांधला आणि तो पैसा टोलमधून वसूल करायचं ठरवलं. २००२ मध्ये हा मार्ग पूर्ण सुरू झाला. खात्याच्या वार्षिक तरतुदीवर विसंबून हे काम इतक्या लवकर झालं नसतं, असं मला वाटतं.

महामंडळ, मंडळ, प्राधिकरण, आयोग हे सगळं एकच ना?

नाही. नावावरून फार काही कळत नाही. संस्था कोणत्या कायद्याने जन्मली, हे पाहावं.

काहींसाठी विधिमंडळाने स्वतंत्र कायदा केला. एमआयडीसी १९६१ च्या कायद्याने १९६२ मध्ये सुरू झाली, तर म्हाडा १९७६ च्या कायद्याने १९७७ मध्ये. काही संस्था साध्या कंपन्या आहेत, फक्त त्यांचे शेअर सरकारच्या हातात आहेत. नवी मुंबई वसवणारी १९७० ची सिडको अशी, महावितरणही अशीच. तिसरा प्रकार नियामकांचा. ते स्वतः वीज विकत नाहीत की धरण बांधत नाहीत. जे हे करतात त्यांच्यावर लक्ष ठेवणं आणि दर ठरवणं हे त्यांचं काम. महाराष्ट्र वीज नियामक आयोग १९९९ पासून आहे.

लोकसेवा आयोग किंवा निवडणूक आयोग या यादीत येत नाहीत. त्यांना थेट राज्यघटनेने अधिकार दिले आहेत.

हाताशी खातं असताना सरकार वेगळी संस्था का काढतं?

तीन कारणं मला खरी वाटतात. पहिलं पैशाचं, ते वर आलंच. दुसरं, काही कामांना वर्षानुवर्षं तीच माणसं लागतात, आणि खात्यातला अधिकारी दोन-तीन वर्षांत बदलून जातो. राज्यभरातल्या विजेची मागणी आणि पुरवठा यांचा क्षणोक्षणी मेळ घालणाऱ्या भारप्रेषण केंद्रातला अभियंता दर तीन वर्षांनी बदलला तर राज्याला अंधारात बसावं लागेल.

तिसरं कारण सर्वांत महत्त्वाचं. काही निर्णय असे असतात की ते घेणाऱ्याला पुढच्या निवडणुकीत मत मागायचं असेल, तर निर्णय वाकडा पडण्याची भीती असते. विजेचा दर हे त्याचं सरळ उदाहरण. निवडणुकीच्या वर्षी दर वाढवायला कोणता मंत्री धजेल? मग तोटा साचत जातो, देखभाल थांबते, रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) जळालं की महिना महिना बदलून मिळत नाही, आणि शेवटी भोगतो तो ग्राहकच. म्हणून दर ठरवायची खुर्चीच मंत्रालयाबाहेर न्यायची, असा हा विचार आहे.

ही कल्पना बाहेरून आली का?

थोडीफार. स्वीडनमध्ये सरकारी कामाच्या संस्था मंत्रालयांपासून वेगळ्या ठेवण्याची पद्धत सतराव्या शतकापासून रुजली आहे. संस्थेसमोर आलेल्या एखाद्या व्यक्तीच्या प्रकरणात मंत्र्याने हात घालायचा नाही, हा तिथला नियम. ब्रिटनने १९८८ मध्ये ‘नेक्स्ट स्टेप्स’ नावाने असाच मोठा बदल केला आणि दहा वर्षांच्या आत निम्म्याहून जास्त सनदी कर्मचारी अशा संस्थांमध्ये गेले.

मात्र त्याच ब्रिटनमध्ये १९९५ साली तुरुंग सेवेचे प्रमुख डेरेक लुईस यांना कैदी पळाल्याच्या प्रकरणानंतर पदावरून काढलं गेलं. धोरण माझं, अंमल त्यांचा, अशी गृहमंत्री मायकेल हॉवर्ड यांची भूमिका होती. कारभारात मंत्री रोज दखल देत होते, असं लुईस यांचं म्हणणं. हा वाद आपल्याकडेही जशाच्या तसा होतो. कागदावर ‘धोरण’ आणि ‘अंमलबजावणी’ हे शब्द वेगळे करता येतात, पण फोन नेमका कशासाठी आला होता हे कागदावर कधीच येत नाही.

वीज मंडळाचे तुकडे का केले?

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये सुरू झालं. वीज तयार करणं, ती वाहून नेणं, घरोघर पोचवणं आणि बिल वसूल करणं ही सगळी कामं त्याच्याकडेच होती. गावोगाव वीज नेण्याचं मोठं काम या मंडळाने केलं. तिथल्या वायरमननी भर पावसात खांबावर चढून केलेलं काम मी पाहिलं आहे, त्यामुळे जुनं ते सगळं वाईट असं मी कधी म्हणणार नाही.

पण सगळं एकाच हिशेबात असल्यामुळे तोटा नेमका कुठे होतो हे बाहेरच्याला कळत नसे. वीजनिर्मिती महाग पडते, तारांत गळते, चोरीला जाते की बिलच निघत नाही? त्यात दाभोळच्या वीजखरेदीचा करार आला. अमेरिकेतल्या एन्रॉन कंपनीच्या तिथल्या प्रकल्पाची वीज १९९९ मध्ये सुरू झाली आणि ती परवडत नाही म्हणून मंडळाने २००१ मध्ये खरेदी थांबवली. इतका मोठा करार बंद दाराआड होऊ शकतो, हा धडा राज्याला फार महागात पडला.

पुढे २००३ चा विद्युत कायदा आला आणि ६ जून २००५ रोजी मंडळाच्या जागी महानिर्मिती, महापारेषण, महावितरण आणि त्यांची सूत्रधारी कंपनी आली. आता प्रत्येकीचा ताळेबंद वेगळा, आणि प्रत्येकीला आयोगासमोर स्वतःचा खर्च मांडावा लागतो. कंपनी झाल्याने कारभार आपोआप सुधारला असं नाही. इमारती त्याच होत्या, माणसंही बरीचशी तीच. निर्मितीचा तोटा वितरणाच्या हिशेबात दडवणं मात्र अवघड झालं.

मग वीज नियामक आयोगाने खरोखर काय बदललं?

एकच गोष्ट सांगतो, म्हणजे समजेल.

शेतीपंपांना मीटर नसत. बिल पंपाच्या अश्वशक्तीवर निघे. त्यामुळे शेतीला किती वीज गेली हा आकडा अंदाजाने धरावा लागे. जी वीज ना बिलात दिसे ना गळतीत मोजली जाई, ती या अंदाजात सहज मावायची. नव्वदच्या दशकात मंडळाची गळती सतरा-अठरा टक्के सांगितली जात होती. आयोगासमोर दराचा प्रस्ताव आला, ग्राहक संघटनांनी आणि अभ्यासकांनी आकडे उलटसुलट तपासले, आयोगाने कागद मागवले, आणि २००० च्या पहिल्या दर आदेशाच्या सुमारास कबूल करावं लागलं की गळती तीस टक्क्यांच्या वर आहे.

म्हणजे इतकी वर्षं शेतकऱ्याच्या नावावर जी वीज मांडली जात होती, तिचा मोठा भाग त्याच्या विहिरीपर्यंत पोचतच नव्हता. हे सत्य ना कुठल्या मंत्र्याने बाहेर आणलं, ना कुठल्या सचिवाने. ते बाहेर आलं, कारण प्रस्ताव जाहीर करणं, हरकती मागवणं आणि आदेशात कारणं लिहिणं आयोगाला बंधनकारक होतं. ही संस्था स्वायत्त होती याहूनही, तिला सगळं उघड्यावर करावं लागत होतं, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

पुढे भारनियमनाच्या काळातही कुठे किती तास वीज बंद ठेवायची याचे निकष आयोगाने सुनावणी घेऊन ठरवले. त्याआधी कोणत्या तालुक्याचं फीडर (उपकेंद्रातून निघणारी वीजवाहिनी) कधी बंद होणार हे बरंचसं पुढाऱ्याच्या वजनावर ठरतं, असं लोक उघड बोलत.

सुनावणीत सामान्य माणसाचं कोणी ऐकतं का?

ऐकतात, पण तयारी करून गेलात तर. काही वर्षांपूर्वी एका वीज कंपनीच्या दरप्रस्तावावरच्या सुनावणीला मी बसलो होतो. मोठं सभागृह. समोर आयोगाचे सदस्य, एका बाजूला कंपनीचे अधिकारी फायलींचे गठ्ठे घेऊन. उद्योजकांचे वकील बोलून गेले. मग एक साठीचे शेतकरी उभे राहिले. प्लॅस्टिकच्या पिशवीत चार वर्षांची बिलं क्रमाने लावलेली आणि वर पंपाच्या खरेदीची पावती. ते म्हणाले, “साहेब, माझा पंप तीनचा आहे, बिल पाचचं येतंय. मी तक्रार दिली, तर म्हणतात कॉम्प्युटरला पाचच आहे.” एवढं बोलून ते खाली बसले.

सभागृहात कुजबूज झाली, पण अध्यक्षांनी माईक कंपनीकडे वळवला आणि ग्राहक क्रमांक लिहून घ्यायला लावला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पुढच्या तीन-चार वक्त्यांनी तोच धागा पकडला: तीन अश्वशक्तीचा पंप पाचचा दाखवला तर कागदावर शेतीचा वापर वाढतो, गळती तेवढी कमी दिसते आणि अनुदानाचा हिशेबही फुगतो. एका माणसाच्या बिलातून राज्याच्या हिशेबाचा प्रश्न उभा राहिला. आदेश आला तेव्हा हरकतदारांचं म्हणणं, त्यावर कंपनीचं उत्तर आणि आयोगाचा निर्णय असं तिन्ही त्यात छापलेलं होतं. मंत्रालयातल्या कोणत्या निर्णयात आपलं म्हणणं आणि त्यावरचं उत्तर असं छापून मिळतं?

सगळ्यांनाच असं मांडता येत नाही, म्हणून कायद्यात ग्राहक प्रतिनिधींची सोय आहे. मुंबई ग्राहक पंचायत, पुण्याची प्रयास अशा संस्थांनी हे काम वर्षानुवर्षं केलं आहे.

सरकार आयोगाला हुकूम देऊ शकतं का?

दर किती लावा, असा हुकूम देता येत नाही. लोकहिताच्या धोरणाबाबत सरकार निर्देश देऊ शकतं, ती सोय विद्युत कायद्याच्या कलम १०८ मध्ये आहे. दराच्या बाबतीत कलम ६५ फार सुंदर आहे. एखाद्या वर्गाला वीज स्वस्त द्यायची सरकारची इच्छा असेल तर जरूर द्यावी, पण त्याचे पैसे सरकारने आगाऊ भरावेत.

२०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज देण्याची योजना आली. तिथेही आयोगाने ठरवलेला दर तसाच राहतो आणि शेतकऱ्याचं बिल सरकार कंपनीला देतं. त्यामुळे सवलत किती कोटींची आहे हे अर्थसंकल्पात लिहावं लागतं आणि विधिमंडळात त्यावर विचारता येतं. सवलत देण्याला माझा विरोध नाही. ती कोणाच्या खिशातून जाते हे दिसलं पाहिजे, एवढाच माझा आग्रह आहे.

आयोगाचे सदस्य शेवटी सरकारच नेमतं ना?

नेमणूक सरकारची, पण नावं निवड समितीकडून येतात. समितीच्या अध्यक्षस्थानी उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश असतात. मुदत पाच वर्षं किंवा वयाच्या ६५ पर्यंत, आणि त्याच पदावर पुन्हा नेमणूक नाही. मंत्र्याची मर्जी गेली म्हणून काढता येत नाही, त्यासाठी आयोगाच्या आदेशांवरची अपिलं ऐकणाऱ्या अपिलीय न्यायाधिकरणाच्या अध्यक्षांकडून चौकशी व्हावी लागते.

त्रास वेगळ्याच जागी आहे: जागा वेळेवर न भरणं. खुर्ची रिकामी ठेवली की स्वायत्तता न मोडताही संस्था लुळी करता येते. निवृत्तीची तारीख आधीपासून माहीत असते, मग निवड सहा महिने आधी सुरू करायला काय हरकत आहे? माझी दुसरी तक्रार अशी की सनदी सेवेतून निवृत्त झालेलेच पुन्हा पुन्हा या खुर्च्यांवर दिसतात. अनुभव हवाच, पण ज्याने आयुष्यभर खातं चालवलं त्याला खात्यावर कठोर होणं जड जातं.

सिंचन महामंडळांचं काय झालं? तीही स्वायत्तच होती ना?

होती, आणि म्हणूनच हे उदाहरण नीट पाहायला हवं.

कृष्णा पाणी लवादाच्या निवाड्याप्रमाणे राज्याच्या वाट्याचं पाणी मे २००० पर्यंत अडवायचं होतं आणि अर्थसंकल्पात तेवढा पैसा नव्हता. म्हणून १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ निघालं. त्याने रोखे विकून पैसा उभा केला. पाठोपाठ १९९७ मध्ये विदर्भ, तापी आणि कोकण, तर १९९८ मध्ये गोदावरी मराठवाडा महामंडळ आलं. हेतू चांगला होता. कृष्णा खोऱ्यातला दुष्काळी पट्टा पाहिलेल्या माणसाला ही घाई समजते.

पण या महामंडळांचे अध्यक्ष होते खुद्द पाटबंधारे खात्याचे मंत्री. अभियंते खात्यातले, ठेकेदार नेहमीचे. खर्चाच्या बंधनातून सुटका मिळाली, पण त्या बदल्यात कोणतीही जाहीर सुनावणी, कोणताही बाहेरचा नियामक आला नाही. प्रकल्प एकापाठोपाठ एक सुरू होत गेले, थोडा थोडा पैसा सगळीकडे वाटला गेला, किमती फुगल्या, आणि अर्धवट भिंती, कालव्याविना धरणं मागे राहिली. राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीत सिंचनाखालच्या पिकांचं प्रमाण दहा वर्षांत १७.८ वरून १७.९ टक्क्यांवर गेल्याचं दिसलं आणि राज्य हादरलं. सरकारने श्वेतपत्रिका काढून वेगळे आकडे मांडले, जलतज्ज्ञ माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या पथकाने चौकशी केली, प्रकरणं न्यायालयात गेली.

या महामंडळांना स्वायत्त म्हणणं मला पटत नाही. पैशापुरती ती मोकळी होती आणि निर्णय मंत्र्याचाच होता. खात्यात जी थोडी चाळणी होती तीही गेली आणि आयोगासारखी दुसरी चाळणी आली नाही.

पाण्यासाठीही नियामक आहे ना?

आहे. २००५ च्या कायद्याने स्थापन झालेलं महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण हे देशातलं पाण्यासाठीचं पहिलं नियामक. कायदा वाचावा असा आहे. राज्याचा एकात्मिक जल आराखडा तयार व्हावा आणि त्यात बसणाऱ्या प्रकल्पांनाच मान्यता मिळावी, असं त्यात होतं. आराखडा वर्षानुवर्षं झाला नाही आणि प्रकल्पांना मान्यता मात्र मिळत राहिली. पाणीप्रश्नाचे अभ्यासक प्रदीप पुरंदरे यांना त्यासाठी औरंगाबाद खंडपीठात जनहित याचिका करावी लागली. २०११ मध्ये दुरुस्ती होऊन शेती, उद्योग आणि पिण्याचं पाणी यांच्यातली वाटणी ठरवण्याचा अधिकार मंत्रिमंडळाकडे गेला.

तरी कायद्यात एक छोटं कलम शिल्लक होतं: तुटीच्या काळात उपखोऱ्यातल्या सगळ्या धरणांत पाणी समान प्रमाणात वाटायचं. मराठवाड्याने त्याच कलमाचा आधार घेतला आणि प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ मध्ये जायकवाडीसाठी आदेश दिला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही समन्यायी वाटपाचं तत्त्व मान्य केलं. नाशिक-नगरचा शेतकरी यावर नाराज आहे आणि त्याचंही म्हणणं ऐकण्यासारखं आहे. पण वाद तारखेवर आणि टक्केवारीवर आला, ‘कोणाचा मंत्री वजनदार’ यावर तो अडून राहिला नाही, हे फार मोठं पाऊल आहे.

संस्था नफ्यात आहे म्हणजे ती चांगली चालली आहे का?

सिडकोकडे पाहा. जमीन घ्यायची, विकसित करायची, भूखंड विकायचे आणि त्या पैशातून शहर उभं करायचं, या पद्धतीने नवी मुंबई बांधली गेली. शहर उभारणीच्या दृष्टीने हे मोठं यश आहे. पण ज्या आगरी-कोळी गावांची मिठागरं आणि भातशेती गेली, त्यांना वाजवी मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढावं लागलं. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरातल्या गोळीबारात पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. ताळेबंदात या पाच जणांसाठी रकाना नव्हता.

या संस्थांना माहितीचा अधिकार लागू होतो का?

होतो. कायद्याने स्थापन झालेली किंवा सरकारच्या मालकीची संस्था ‘सार्वजनिक प्राधिकरण’ ठरते. “आम्ही कंपनी आहोत” हे उत्तर मिळालं तर ते मान्य करू नका, अपील करा. कॅगचं (देशाच्या महालेखापरीक्षकांचं) लेखापरीक्षणही होतं आणि विधिमंडळाची सार्वजनिक उपक्रम समिती ते अहवाल तपासते. फक्त तिथपर्यंत पोचायला बराच उशीर होतो.

माझं बिल चुकलं आहे. आयोगाकडे जाऊ का?

थेट जाऊ नका. आयोग दर आणि नियम ठरवतो, एकेका बिलाची तक्रार तिथे चालत नाही. आधी वीज कंपनीच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तिथे निकाल लागला नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल. वकील लागत नाही. मीटरच्या रीडिंगचा फोटो आणि मागची बारा बिलं सोबत ठेवा.

दरप्रस्तावावर हरकत मराठीत पाठवली तर चालते का? आणि काय लिहायचं?

चालते, आणि मराठीतच पाठवा. प्रस्तावाची जाहीर सूचना वर्तमानपत्रात येते, त्यात शेवटची तारीख असते. प्रस्ताव शेकडो पानांचा असतो, पण तुम्हाला सगळा वाचायची गरज नाही. आपल्या वर्गाचा तक्ता शोधा: घरगुती, शेती, यंत्रमाग, जो असेल तो. स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार हे रकाने आपल्या बिलाशेजारी ठेवून पाहा. मग “दरवाढ मान्य नाही” एवढ्यावर न थांबता एक नेमका प्रश्न विचारा, उदाहरणार्थ आमच्या फीडरवरची गळती किती आणि मागच्या आदेशात ती किती कमी करायला सांगितली होती? शेवटी नाव, पत्ता, सही आणि ‘सुनावणीत प्रत्यक्ष बोलायचं आहे’ ही ओळ लिहायला विसरू नका. ती ओळ असली की नाव पुकारलं जातं.